कंडक्टरकाकांच्या पुस्तकाची पीडीएफ गावभर फिरतेय, मी नेमकं काय करू?

पानगळ (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचते. आज लिहायला बसले, कारण घरात, दुकानात, प्रेसमध्ये ज्याला विचारावं तो वेगळंच काहीतरी सांगतोय.

आमची छोटी प्रकाशन संस्था आहे, सासऱ्यांनी १९८३ साली काढलेली. सदाशिव पेठेत दोन खोल्या आणि एक माळा. माळ्यावर बहुतेक कवितासंग्रह. (कवींनी राग मानू नये, वाळवी तरी वाचते.) वर्षाला सहा-सात पुस्तकं निघतात. दीडेक वर्षापूर्वी एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं आत्मकथन काढलं. ३१ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी मुक्कामी गाड्यांवर. हस्तलिखित आलं ते पाठकोऱ्या कागदांवर, सुतळीने बांधून. प्रुफं मी स्वतः तीन वेळा वाचली. २४० पानं, डेमी आकार, किंमत ३२० रुपये, आवृत्ती १००० प्रतींची. आजवर ६४० गेल्या. आमच्या मानाने पुस्तक 'चाललं' असंच म्हणायचं.

गेल्या महिन्यात काकांचा फोन. हसतच होते. "ताई, माझंच पुस्तक मला व्हॉट्सॲपवर आलंय. खाली लिहिलंय, छान आहे, जरूर वाचा."

फाईल मागवून घेतली. मोबाइलवर एकेक पान धरून काढलेले फोटो. पान ५७ तिरकं, पान ११३ वर हळदीचं बोट, आणि जवळपास प्रत्येक डाव्या पानाच्या कडेला कुणाचा तरी अंगठा. २४० पानं अशी काढायला किती वेळ लागला असेल! इतक्या चिकाटीचा माणूस मला प्रुफं वाचायला मिळत नाही. शीर्षकपानावर एका तालुक्याच्या वाचनालयाचा गोल शिक्का, आत दाखल क्रमांक. वाचनालय मला माहीत आहे, कारण ती प्रत काकांनीच तिथे भेट दिलेली.

मग मी शोधत बसले. तीन ठिकाणी सापडली:

व्हॉट्सॲपच्या निदान चार गटांत. एका ॲपवरच्या सार्वजनिक चॅनेलवर, जिथे ११ हजार सभासद आहेत आणि आमच्या फाईलखाली २३०० वेळा पाहिल्याची नोंद आहे. आणि तिसरं, जे पाहून मला खरा संताप आला: '८००० मराठी पुस्तकं फक्त ९९ रुपयांत' अशी जाहिरात. यूपीआयवर पैसे टाका, ड्राइव्हची लिंक येते.

लाज वाटतेय सांगायला, पण मी ९९ रुपये भरले. आत आमची एकोणीस पुस्तकं निघाली. त्यातलं एक सासऱ्यांनी १९९१ साली काढलेलं, कृष्णाकाठच्या घाटांवरचं. त्याची एकही प्रत आमच्याकडे उरलेली नाही. पाच वर्षं मी ते अप्पा बळवंत चौकापासून जुन्या बाजारापर्यंत शोधत होते. ते मला चोराच्या घरात सापडलं.

आता सल्ले ऐका. दीर म्हणतात, शिक्का आहेच, त्या वाचनालयावर पोलीस केस ठोका. मैत्रीण म्हणते, सोडून दे, फुकटची जाहिरात आहे. आमच्याच धंद्यातले एक म्हणतात, महिन्याला पैसे घेऊन नोटिसा पाठवणाऱ्या कंपन्या असतात, त्यांना लाव. आणि काका म्हणतात, "लोक वाचतायत ना? मग राहू द्या की."

मला सांगा, माझ्यासारखीनं कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही? तत्त्वज्ञान नको. सोमवारी सकाळी टेबलाशी बसल्यावर पहिलं काय करू ते सांगा.

बोलघेवडा

पुस्तक १०० रुपयांत द्या, कोण कशाला चोरेल? प्रकाशक लेखकाला पैसे देत नाहीत हे जगजाहीर आहे. आता स्वतःवर आलं की रडायचं.

पानगळ

@बोलघेवडा, हिशेबच मांडते. ३२० मधले ४० टक्के विक्रेत्याचे, माझ्या हाती १९२. कागद, छपाई, बांधणी प्रतीमागे ९२. काकांचं मानधन १० टक्के, म्हणजे ३२. हे त्यांना दर सहा महिन्यांनी बँकेत जातं, पासबुक दाखवतील. टाइपसेटिंग, संपादन, मुखपृष्ठ मिळून ३८ हजार एकरकमी गेले. छपाई मात्र हजारही प्रतींची आधीच भरावी लागते. त्यामुळे ६४० प्रती विकूनही आज मी २७,६०० रुपयांनी आत आहे. उरलेल्या ३६० गेल्या तर तीस हजार सुटतील, त्यातून कुरिअर, भाडं आणि माळ्यावरची वाळवी.

आणि ९९ रुपयांत ८००० म्हणजे एक पुस्तक सव्वा पैशाला पडतं. त्याच्यापुढे तुमचे शंभरही महागच.

कोर्टाची पायरी

ॲपचं आणि वाचनालयाचं नाव लिहिलं नाहीत, बरं केलंत. मी संभाजीनगरला वकिली करतो. कॉपीराइट हा काही माझ्या रोजच्या भाकरीचा विषय नाही, पण तीन-चार प्रकरणं हाताखालून गेली आहेत. फी न घेता सांगतोय, तेव्हा जरा फटकळपणे सांगतो.

सोमवारी सकाळी पहिलं काम: काकांबरोबरचा करारनामा बाहेर काढा. असेल तर. निम्म्या मराठी प्रकाशकांकडे कराराच्या नावाखाली एक पोस्टकार्ड असतं, 'आपले पुस्तक छापण्यास घेत आहोत, कळावे.' चोराला नोटीस पाठवायचा अधिकार हक्काच्या मालकाला किंवा ज्याला एकट्यालाच परवाना दिलाय अशाला असतो. हक्क लेखी दिलेले नसतील तर तुम्ही नुसत्या छापणाऱ्या, मालक काका. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशापुरता हे लिहिलं नसेल तर भारतापुरता. आणि ई-बुकचा उल्लेख नसेल तर तो आहे असं गृहीत धरू नका, काकांची सही नव्याने घ्या. तुमच्या सासऱ्यांच्या १९९१ च्या करारात ई-बुक येणार कुठून? तिथे लेखकाकडे किंवा वारसांकडे जावंच लागेल.

आता तुमची तीन ठिकाणं. प्रत्येकाला वेगळं औषध आहे.

व्हॉट्सॲपचे गट विसरा. बंद दाराआड काय चाललंय ते कंपनीलाच दिसत नाही, तर ती काढणार काय. ओळखीचा ॲडमिन असेल तर फोन करा, संपलं.

सार्वजनिक चॅनेलला मात्र नोटीस चालते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(क) (इंग्रजी प्रतीत c) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ वाचा. पुस्तकाचं वर्णन, तुमच्या हक्काचा पुरावा, फाईल नेमकी कुठे आहे त्याचा पत्ता आणि कोर्टात जाण्याची हमी, एवढं लेखी दिलं की मध्यस्थाने, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीने, ३६ तासांत ती बंद करायची. पण ती बंद राहते २१ दिवस. तेवढ्यात तुम्ही कोर्टाचा हुकूम आणला नाहीत तर तो पुन्हा उघडू शकतो. व्यवहारात उघडत बसायला कुणाला सवड नसते. पण चॅनेलवाला दुसऱ्या नावाने येतो, हे गृहीतच धरा.

तिसरा तो ९९ रुपयांवाला. खरं भांडण याच्याशी. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय, तेव्हा 'हे आमच्याकडे येत नाही' असं ठाण्यात ऐकवलं तर तो निकाल छापून न्या. ९९ रुपये भरलेत त्याची लाज वाटून घेऊ नका, तो तुमच्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा आहे. यूपीआयचा क्रमांक, पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लिंक, तारीख-वेळ, सगळं एका फोल्डरमध्ये. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असायचं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. गुन्हाही ६३, पुरावाही ६३, लक्षात ठेवायला सोपं.

पेपरात मोठमोठे आदेश वाचता ना, एका फटक्यात शेकडो संकेतस्थळं बंद? ते दिल्ली उच्च न्यायालयात सिनेमावाले आणि क्रिकेट दाखवणारे आणतात. अनोळखी चोराविरुद्धच्या त्या हुकमाला आपल्याकडे 'अशोक कुमार' आदेश म्हणतात (नटाचा काही संबंध नाही, विदेशात 'जॉन डो' म्हणतात त्याचं देशी बारसं). २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने एका क्लासच्या शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती उघड करायला लावली. म्हणजे रस्ता आहे. पण त्या रस्त्याचा टोल तुमच्या एका आवृत्तीला परवडणारा नाही.

आणि दिरांना सांगा, वाचनालयाला धमकी नको. पुस्तक लोकांना घरी वाचायला देणं हे त्यांचं कामच आहे. शिक्क्यावरून प्रत कुणाची ते कळतं, फोटो कुणी काढले ते कळत नाही. उगाच पोकळ धमकी दिली तर कलम ६० खाली ते उलट तुमच्यावर दावा लावू शकतात. नोटिसा पाठवण्याची हौस असलेल्या फार थोड्यांना हे कलम ठाऊक असतं.

क-वर्ग

शिक्क्याचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. मी अशाच एका क वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. (तुमचं ते आमचं नव्हे. लगेच कपाटात जाऊन प्रत बघून आलो. आमच्या प्रतीवर चहा आहे, हळद नाही.)

ताई, एक विनंती. फोन करायचाच झाला तर ग्रंथपालाला करा, अध्यक्षांना नको. आमचा पगार अनुदानातनं निघतो, तोही हप्ता येईल तेव्हा. अध्यक्षांच्या कानावर 'पोलीस' हा शब्द गेला की पहिली कुऱ्हाड आमच्यावर. आणि ते पुस्तक कुणीकुणी नेलं होतं त्याचं रजिस्टर कृपा करून मागू नका. आमच्याकडं एक बाई कर्करोगावरची पुस्तकं नेतात, घरच्यांना माहीत नाही. ते रजिस्टर कुणाला दाखवायचं नसतं, असं मी मानतो.

राहिली गोष्ट पीडीएफची. आमच्या गावात ती फिरवणारे माझ्या माहितीत सहा जण. सहाही वाचनालयाचे सभासद, आणि एकानंही ती पीडीएफ शेवटपर्यंत वाचलेली नाही. उतरवून ठेवायची, पुढं पाठवायची, झालं. तुमचं कंडक्टरांचं पुस्तक मात्र आमच्याकडं सव्वीस वेळा गेलंय. एकच प्रत. दुसरी घ्यायची आहे, यादी पाठवता का? कार्डावर 'प्रतीक्षेत चौघे' लिहिलंय.

नेकारकाठचा

आधी कबुली: त्या २३०० मध्ये एक मी आहे.

मी श्टुटगार्टला असतो. आई फोनवर म्हणाली, कंडक्टरांचं पुस्तक वाच, आपल्या गावच्या मुक्कामी गाडीचं वर्णन आहे. विक्रीच्या दोन संकेतस्थळांवर गेलो. पुस्तक होतं, पण जर्मनीला पाठवायचं तर पुस्तकाच्या पाचपट टपालखर्च. ई-बुक शोधलं, नाही. मग कुणीतरी गटात लिंक टाकली आणि उतरवली. फोनवर चिमटीनं मोठं करत साठ पानं वाचली, डोळे दुखले, सोडलं. त्या अंगठ्याशी माझीही चांगली ओळख झाली आहे.

मी पाच युरो आनंदाने दिले असते. आजही देतो. कुठे देऊ, एवढंच सांगा. इथल्या मंडळात गणपतीला दीडशे माणसं जमतात. 'मराठी वाचायला मिळत नाही हो' ही तक्रार मोदकांच्या आधी सुरू होते. हे लोक चोर नाहीत, त्यांच्यासमोर दुकानच नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून टाकता येतात, मग तुम्ही दीड वर्ष कशाची वाट पाहत होतात? रागावू नका, खरंच कुतूहल आहे.

पानगळ

@नेकारकाठचा, रागावले नाही, फक्त वर्मी लागलं. खरं कारण सांगते. आमची सगळी पुस्तकं अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, जुन्या श्रीलिपी फाँटांत लागतात. आमचे टाइपसेटर त्यातले उस्ताद आहेत आणि बदलायला तयार नाहीत. ती फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे ई-बुकला लागणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत, नेली की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, 'र्‍या'चा तर चिंधडा होतो. म्हणजे २४० पानांचं प्रुफ चौथ्यांदा वाचायचं. ते मी टाळत होते. दुसरं कारण हसण्यासारखं आहे: ई-बुक काढलं तर चोरी होईल, ही भीती.

टकटक

या शेवटच्या वाक्यावर मी एकटाच मोठ्याने हसलो, बायको बघायला आली.

मला दिसत नाही. संगणक आणि फोन दोन्ही बोलून वाचून दाखवतात. ताई, तुमचा चोरसुद्धा माझ्या उपयोगाचा नाही. फोटोंची पीडीएफ म्हणजे माझ्यासाठी २४० कोरी पानं. आणि तुमच्यासारखे प्रकाशक प्रेमाने स्वतःची मूळ फाईल पाठवतात तेव्हा गंमत आणखी वाढते. जुन्या फाँटातला मजकूर मशीनला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. एका मोठ्या लेखकाचं पहिलं वाक्य मला 'डॉलर, कंस, एफ, तिरकी रेघ' असं ऐकू आलं होतं.

वकीलसाहेबांनी एक कलम सांगितलं नाही, ते मी सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५२(१)(यख) (इंग्रजी प्रतीत zb) आलं. अपंग वाचकाला वापरता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करून देणं, नफा न कमावता, हा भंग नाही. आमच्यासारख्यांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश, २०१४ साली. २०१६ मध्ये अशा पुस्तकांचं ऑनलाइन वाचनालय, सुगम्य पुस्तकालय, सुरू झालं. तेव्हा नोटिसा पाठवायला कंपनी लावणार असाल तर आधी विचारा, की ते यंत्राने शोधून सरसकट मारतात का. आमच्यासाठी बोलून वाचता येईल अशी करून ठेवलेली प्रतही 'चोरी' म्हणून उडवली, तर तक्रार कुणाकडे करायची ते आम्हाला कळतच नाही.

युनिकोड फाईल झाली की मला सांगा. चौथं प्रुफ मी वाचून देतो. उडालेला रफार डोळ्यांना चुकतो, कानाला चुकत नाही.

संकलक_गोरेगाव

मी सिनेमाच्या एडिटिंगमध्ये आहे, थोडक्यात बोलतो. आमची पद्धत उचलू नका. सिनेमाची कमाई पहिल्या तीन-चार दिवसांत असते, म्हणून आम्ही शुक्रवार ते सोमवार जिवावर उदार होऊन लिंक पाडत बसतो. मंगळवारनंतर तो उत्साह राहत नाही. पुस्तक दहा वर्षं विकलं जातं, तुम्ही दहा वर्षं लिंक पाडत बसणार?

कायदे आमच्यासाठी कडक आहेत. थिएटरात कॅमेरा लावला तर २०२३ पासून किमान तीन महिने आत, दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात तर २००९ पासून व्हिडिओ पायरेटला झोपडपट्टीदादांच्या कायद्याखाली स्थानबद्ध करता येतं. तरी सिनेमे फुटतातच, कारण फुटतात ते बहुतेक आतून. २०१६ मध्ये एका गाजलेल्या हिंदी सिनेमाची प्रत प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी बाहेर आली, तिच्या कोपऱ्यात सेन्सॉरसाठीची खूण तशीच होती. तुमच्याकडे अंगठा दिसतोय म्हणजे निदान प्रेसमधून फुटलेलं नाही, एवढं समाधान माना. परीक्षणासाठी पीडीएफ पाठवता ती मात्र प्रत्येकाला वेगळी खूण घालून पाठवा. एका पानावरचा स्वल्पविराम इकडेतिकडे केलात तरी पुरतं.

पानगळ (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, क्षमस्व. झालं ते सांगते.

पहिल्या सोमवारी कपाट उपसलं. काकांचा करार सापडला, तीन पानी, माझ्याच अक्षरात. मुदत लिहिली आहे, ई-बुक लिहिलेलं नाही. म्हणून सहीसाठी साताऱ्याला गेले. काका ओसरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, आणि पुन्हा तेच, "राहू द्या ताई. फुकटे प्रवासी आम्ही आयुष्यभर पाहिले."

मग मी त्यांना ९९ रुपयांची जाहिरात दाखवली. चष्मा लावून यादी वाचली, चौदाव्या पानावर स्वतःचं नाव पाहिलं, आणि चेहरा असा काही बदलला की मीच घाबरले. "म्हणजे पैसे घेतोय आणि तिकीट फाडत नाही?" मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं. बिनतिकीट प्रवासी हा एक प्रकार. त्याला पुढच्या थांब्यावर उतरवायचं, आणि रात्रीची शेवटची गाडी असेल तर तेही नाही, कारण माणूस जाईल कुठे. पण प्रवाशाकडून पैसे घेऊन तिकीट न देणारा कंडक्टर हा वेगळा प्रकार. "त्याच्यावर आमच्या युनियननंसुद्धा कधी पांघरूण घातलं नाही. तपासणीवाले गाडीत चढले की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, बघायचे आणि माणसं मोजायचे. दोन आकडे जुळले नाहीत की घरी." ई-बुकच्या कागदावर त्यांनी सही केलीच, वर पोलीस तक्रारीवर माझ्याआधी स्वतःची सही ठोकली.

ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, "पुस्तक तर तुमच्याकडेच आहे, मग चोरीला काय गेलं?" पायरीवाले वकील, तुमचा २०२२ चा निकाल छापून नेला होता. तो त्यांनी नीट वाचला, आणि नंतर साहेबांनीही. अर्ज घेतला, पोहोच दिली. पुढे काय होतंय ते बघू. ती जाहिरात मात्र उतरली, आणि दुसऱ्या नावाने परत आली. आता ७९ रुपये.

चॅनेलवरची फाईल नोटिशीनंतर चौथ्या दिवशी गेली. नवव्या दिवशी दुसऱ्या चॅनेलवर हजर. मी ठरवलंय, दर सोमवारी घड्याळ लावून एक तास. तासाभरात जेवढ्या नोटिसा जातील तेवढ्या. बाराला डबा. कंपनी लावली नाही. त्यांचा दर ऐकला आणि टकटकांचा प्रश्न त्यांना विचारला. दराचं उत्तर मिळालं, प्रश्नाचं नाही.

वाचनालयाला फोन केला, ग्रंथपालांनाच. अंगठा कुणाचा ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोन प्रती पाठवल्या, एक विकत, एक माझ्याकडून. @क-वर्ग, तुमचीही गेली आहे, बिल आत आहे.

ई-बुक निघालं. टकटकांनी चौथं प्रुफ कानांनी वाचलं आणि आमच्या तीन वाचनांत सुटलेल्या अकरा चुका काढल्या, त्यातल्या दोन काकांच्या गावाच्या नावात होत्या. मी मान खाली घातली. किंमत १२० ठेवली. दहा दिवसांत ६१ प्रती, त्यातल्या सात जर्मनीतून. मोदकांच्या आधी वाटलेले दिसतात! छापील पुस्तकाच्या विक्रीत यामुळे ना घट ना वाढ. निदान आजवर तरी.

आता खरं काम. सासऱ्यांचं १९९१ चं घाटांवरचं पुस्तक. लेखक २००४ मध्ये गेले. त्यांची मुलगी मिरजेत सापडली. नव्या आवृत्तीला आणि ई-बुकला तिने लेखी संमती दिली आहे. मूळ प्रत तिच्याकडेही नाही, २०१९ च्या पुरात गेली. तेव्हा मजकूर आम्ही त्या ९९ रुपयांच्या फाईलवरूनच टाइप करतोय. टाइपसेटर म्हणतात, श्रेयनामावलीत चोराचं नाव घालायचं का?

फक्त एक अडचण आहे. त्या स्कॅनमध्ये पान ८८ आणि ८९ नाहीत. उलटताना दोन पानं एकदम उलटली गेली असावीत. माहुलीच्या घाटाचं वर्णन तिथे मधेच तुटतं. कुणाच्या घरी, कुणाच्या वाचनालयात ते पुस्तक असेल तर कृपया त्या दोन पानांचा फोटो पाठवा. मोबाइलवर काढलेला चालेल. अंगठा आला तरी चालेल.